वर घर, खाली कोळसा : राजूर परिसरातील बांधकाम परवानगीचा गुंता

यवतमाळ जिल्ह्याच्या वणी तालुक्यातील राजूर हे गाव सरकारी दप्तरात दोन वेशांत वावरते. जनगणनेच्या लेखी ते 'जनगणना नगर' आहे. म्हणजे किमान पाच हजार लोकसंख्या, दर चौरस किलोमीटरला किमान चारशेची घनता आणि शेतीबाहेरच्या कामांत गुंतलेले किमान ७५ टक्के पुरुष कामगार, या तिन्ही कसोट्या ते पार करते. प्रशासनाच्या लेखी मात्र राजूर अद्याप ग्रामपंचायतच आहे. कोळसा खाण आणि चुन्याच्या भट्ट्या यांनी या गावाला शहराचा व्यवसाय दिला; शहराला मिळणारा नगररचना विभाग, बांधकाम निरीक्षक आणि विकास आराखडा काही दिला नाही.

घर बांधू पाहणाऱ्याची अडचण येथूनच सुरू होते. वणी, चंद्रपूर किंवा नागपूर येथे नोकरी करणारा एखादा कर्मचारी वडिलोपार्जित जमिनीवर घर बांधण्याचा विचार करतो, किंवा रस्त्यालगतच्या शेतात पाडलेला दीड हजार चौरस फुटांचा भूखंड विकत घेतो. ग्रामपंचायतीचा ठराव मिळतो, कराची पावती मिळते, वीजजोडणीही मिळते. काही वर्षांनी गृहकर्जाच्या निमित्ताने, वाटणीच्या वेळी किंवा खाणीसाठी भूसंपादनाची नोटीस आल्यावर त्याच्या ध्यानात येते की, हाती असलेल्या कागदांपैकी एकही कागद जमिनीविषयीच्या मूळ प्रश्नाचे उत्तर देत नाही. त्या जमिनीवर घर बांधता येत होते काय, हा तो प्रश्न. राजूरसारख्या कोळसापट्ट्यात त्याला आणखी एक पदर आहे. जमिनीच्या पोटात काय आहे आणि त्यावर कोणाचा हक्क आहे, हे पाहिल्याशिवाय पृष्ठभागावरची परवानगी अपुरीच राहते.

नमुना आठ म्हणजे मालकी नव्हे

ग्रामीण भागात सर्वाधिक गैरसमज एका कागदाभोवती आहे. 'आठ-अ' आणि 'नमुना आठ' ही नावे सारखी वाटतात. पण पहिला महसूल खात्याचा, तर दुसरा ग्रामपंचायतीचा. गाव नमुना आठ-अ म्हणजे एका खातेदाराच्या नावावर गावात असलेल्या सर्व जमिनींचा खाते उतारा. ग्रामपंचायतीचा नमुना आठ म्हणजे घरपट्टीच्या आकारणीची नोंदवही. मुंबई ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ (आता महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम) याच्या कलम १२४ अन्वये ग्रामपंचायत इमारतींवर कर बसवते आणि त्या कराचा हिशेब या वहीत राहतो. कर इमारतीवर असतो. इमारत शासकीय जमिनीवर उभी असली तरी तिची आकारणी होऊ शकते, आणि आकारणी झाली म्हणून जमीन घरमालकाची होत नाही. तरीही गावोगाव नमुना आठच्या उताऱ्यावर घरांची खरेदी-विक्री होते, मुद्रांकावर लिखापढी होते आणि घेणारा निर्धास्त होतो.

खाणीच्या गावांत हा गैरसमज अधिक महागात पडतो. कोलरीसाठी पूर्वीच संपादित झालेली जमीन अनेकदा वर्षानुवर्षे मोकळी पडून राहते, तिच्यावर वस्ती उभी राहते, ग्रामपंचायत रस्ता आणि नळ देते. कायद्याच्या दृष्टीने ती शासकीय कंपनीची मालमत्ताच असते आणि सार्वजनिक जागा (अनधिकृत भोगवटादारांचे निष्कासन) अधिनियम, १९७१ अन्वये कंपनीचा मालमत्ता अधिकारी तेथील रहिवाशांना नोटीस देऊ शकतो. वीस वर्षांच्या घरपट्टीच्या पावत्या अशा वेळी वास्तव्याचा पुरावा ठरतात, मालकीचा नव्हे.

गावठाण, ई-क्लास आणि शेत

परवानगी कोणाची, हे जमीन कोणत्या प्रकारची यावर ठरते. गावठाण म्हणजे गावाच्या वस्तीची जागा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १२२ अन्वये तिच्या सीमा जिल्हाधिकारी ठरवतो. या सीमेच्या आत अकृषिक परवानगीचा प्रश्न येत नाही. गावठाणातील घरांना बहुतेक ठिकाणी सातबारा नसतो. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या कुटुंबाकडेही हक्काचा नकाशा नसे. पुणे जिल्ह्यातील सोनोरी (ता. पुरंदर) येथे ड्रोनद्वारे गावठाण मोजणीचा प्रयोग झाला आणि २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र शासनाने 'स्वामित्व' योजना जाहीर केली. तिच्याद्वारे मिळणारी मिळकत पत्रिका ही गावठाणातील घराची सर्वांत भक्कम नोंद होय. मात्र ही मोजणी गावठाणापुरती असते. गावठाणाच्या हद्दीबाहेर, शेतात वाढलेल्या नव्या वस्तीला तिचा उपयोग नाही, आणि राजूरसारख्या वाढत्या गावांत नवे घर बहुधा त्या हद्दीबाहेरच उभे राहते.

दुसरा प्रकार शासकीय जमिनीचा. वऱ्हाडात गुरचरणाच्या व तत्सम शासकीय जमिनीला लोक आजही 'ई-क्लास' म्हणतात. ती स्वस्तात 'मिळवून देणारे' प्रत्येक तालुक्यात असतात. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या प्रकरणात गावाच्या सामायिक जमिनीवरील अतिक्रमणे हटवण्याचे निर्देश सर्व राज्यांना दिले, आणि त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने गायरानाबाबतचे धोरण कडक केले. दुसरीकडे, १ जानेवारी २०११ पूर्वीची शासकीय जमिनीवरील ग्रामीण निवासी अतिक्रमणे काही अटींवर नियमित करण्याचा निर्णयही शासनाने २०१८ मध्ये घेतला. या दोन टोकांमध्ये खाणमजूर, भट्टीवरचा कामगार, घरकुल मंजूर होऊनही जागा नसलेला लाभार्थी अडकलेला असतो. आज नव्याने ई-क्लासवर बांधणाऱ्यास २०११ च्या तारखेचा आधार मिळणार नाही, हे त्याला विकणारा सांगत नाही.

तिसरा आणि सर्वांत मोठा प्रकार खासगी शेतजमिनीचा. येथे सातबाऱ्यावरील तीन गोष्टी प्रथम पाहाव्यात : भोगवट्याचा वर्ग, इतर अधिकाराचा रकाना आणि क्षेत्र. भोगवटादार वर्ग-२ ची जमीन सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय हस्तांतरित होत नाही. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीस देण्यावर संहितेच्या कलम ३६ व ३६-अ चे कडक निर्बंध आहेत. कोलाम व गोंड समाजाची वस्ती असलेल्या या भागात ही बाब नाममात्र नाही. विदर्भात भूदानाच्या जमिनींना १९५३ चा मध्य प्रदेश भूदान यज्ञ अधिनियम लागू आहे, त्याही मुक्तपणे विकता येत नाहीत. शिवाय शेतजमीन विकत घेणारा शेतकरी असावा लागतो. विदर्भापुरता यासाठीचा कायदा वेगळा आहे : १९५८ चा कुळवहिवाट व शेतजमीन (विदर्भ प्रदेश) अधिनियम, कलम ८९. पुण्या-मुंबईच्या वृत्तपत्रांत वाचलेले 'कलम ६३' येथे लागू होत नाही, एवढे शहरी वाचकाने ध्यानात ठेवलेले बरे.

क्षेत्राचा मुद्दा तुकडेबंदीचा. १९४७ च्या कायद्यानुसार प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान तुकडा पाडून विकता येत नाही. ८ ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेने हे क्षेत्र जिरायतीसाठी २० गुंठे आणि बागायतीसाठी १० गुंठे करण्यात आले. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. शेतात चुन्याच्या फक्कीने आखून विकला जाणारा दीड हजार चौरस फुटांचा भूखंड दीड गुंठ्याचाही नसतो. असे जुने तुकडे शुल्क भरून नियमित करण्याची सोय २०१७ पासून आहे, आणि २०२५ मध्ये शासनाने निवासी वापरातील तुकड्यांसाठी ती वाट आणखी रुंद केली. तथापि ही सवलत जुन्या व्यवहारांची निरगाठ सोडवण्यासाठी आहे. उद्याच्या व्यवहाराला ती परवाना देत नाही.

'एनए'चे बदलते स्वरूप

शेतकऱ्याने स्वतःच्या शेतात बांधलेले घर हा वेगळा विषय आहे. संहितेच्या कलम ४१ नुसार शेतजमीन धारण करणाऱ्यास शेतीच्या सोयीसाठी शेतघर बांधता येते, आणि 'शेतघर' या शब्दाच्या व्याख्येत अवजारे, खत, चारा, जनावरे यांच्या निवाऱ्याबरोबर खातेदाराचे कुटुंबीय, नोकर किंवा कूळ यांचे राहणेही येते. सुट्टीपुरते येण्यासाठी बांधलेला बंगला या व्याख्येत बसत नाही. एकत्रिकृत नियमावलीनुसार शेती विभागात फार्महाऊससाठी किमान ०.४ हेक्टर, म्हणजे साधारण एक एकर जमीन लागते.

शेतीखेरीज अन्य उपयोगासाठी कलम ४२ व ४४ अन्वये जिल्हाधिकाऱ्यांची अकृषिक परवानगी, ही १९६६ पासूनची रूढ वाट. अर्ज मिळाल्यावर सात दिवसांत पोच, नव्वद दिवसांत निर्णय आणि निर्णय न झाल्यास परवानगी मिळाल्याचे मानणे, असे तिचे मूळ स्वरूप होते. प्रत्यक्षात अर्जासोबत जोडायच्या ना हरकत प्रमाणपत्रांतच वर्ष निघून जाई, हे तहसील कार्यालयाच्या पायऱ्या झिजवलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. म्हणूनच गेल्या दशकात संहितेत कलम ४२-अ ते ४२-ड यांची भर पडली. विकास योजना किंवा प्रादेशिक योजनेत जो वापर आधीच ठरला आहे, त्यासाठी पुन्हा स्वतंत्र परवानगीचा आग्रह सोडण्यात आला. ४२-ड नुसार गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतील जमीन, अकृषिक आकारणी व रूपांतरण कर भरल्यावर निवासी उपयोगासाठी रूपांतरित झाल्याचे मानले जाते. अकृषिक परवानगीची वेगळी पायरीच मोडीत काढण्याकडे शासनाचा कल असल्याचे त्यानंतरच्या दुरुस्त्यांतूनही दिसते.

हे सर्व स्वागतार्ह आहे. पण 'आता एनए लागत नाही' या एका वाक्यावर भूखंड विकले जाऊ लागले, तेव्हा त्या वाक्याचा अर्थ तपासणे भाग आहे. सवलत जमिनीच्या वापरापुरती आहे. वर्ग-२ ची जमीन त्यामुळे वर्ग-१ होत नाही, आदिवासी खातेदाराचे संरक्षण उठत नाही, बांधकाम नकाशाच्या मंजुरीची गरज संपत नाही आणि कोळशासाठी काढलेली अधिसूचना रद्द होत नाही.

ग्रामपंचायत काय देऊ शकते

ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५२ नुसार गावाच्या हद्दीत पंचायतीच्या पूर्वपरवानगीशिवाय इमारत उभारता येत नाही. या अधिकाराच्या मर्यादा वेळोवेळी बदलत गेल्या. आज परवानगीचा तांत्रिक पाया आहे तो २ डिसेंबर २०२० रोजी मंजूर झालेली एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली. बृहन्मुंबई व काही विशेष क्षेत्रे वगळता ती राज्यभर लागू आहे. तिच्या आधारे ग्रामविकास विभागाने २०२१ च्या प्रारंभी ग्रामीण भागासाठी सुटसुटीत पद्धत ठरवून दिली. साधारण १,६०० चौरस फुटांपर्यंतच्या (१५० चौरस मीटर) भूखंडावरील बांधकामास वेगळ्या परवानगीची गरज ठेवली नाही. मालकीची कागदपत्रे, आराखडा आणि तो नियमावलीनुसार असल्याचे परवानाधारक अभियंत्याचे प्रमाणपत्र ग्रामपंचायतीकडे द्यावे लागते. त्यापुढे ३,२०० चौरस फुटांपर्यंत (३०० चौरस मीटर) छाननी व विकास शुल्क भरल्यावर ग्रामपंचायत दहा दिवसांत प्रारंभ प्रमाणपत्र देते. त्याहून मोठ्या बांधकामास नगररचना विभागाचा अभिप्राय लागतो. गावठाणाबाहेर मात्र मामला बव्हंशी महसूल यंत्रणेकडे जातो. प्रादेशिक योजना लागू असलेल्या क्षेत्रात महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम १८ अन्वये जिल्हाधिकारी हाच परवानगी देणारा अधिकारी होय.

या सोपेपणाची दुसरी बाजू अशी की, जबाबदारी कार्यालयाकडून अभियंत्याकडे आणि पर्यायाने घरमालकाकडे सरकली. अभियंता प्रमाणित करतो तो आराखडा. मालकीची कागदपत्रे मालकाने दिलेली असतात. त्यांत दोष असला तर दहा दिवसांत मिळालेले प्रमाणपत्रही त्या दोषावर पांघरूण घालू शकत नाही.

पाहणीचा कागद आणि पाहणी

नियमांत पाहणीचे टप्पे आहेत. जोत्यापर्यंत काम झाल्यावर मालकाने कळवायचे, जोते मंजूर नकाशाप्रमाणे असल्याची खात्री व्हायची, पूर्णत्वाचा दाखला द्यायचा आणि मग भोगवटा प्रमाणपत्र. प्रारंभ प्रमाणपत्राचे वर्षागणिक नूतनीकरण करावे लागते, हेही अनेकांना ठाऊक नसते. शहरात या टप्प्यांना काही अर्थ आहे, कारण निदान पाहणीस येणारा माणूस तरी पदावर आहे. गावात ग्रामसेवक आणि तलाठी हे दोनच चेहरे. २०२४ मध्ये त्यांची पदनामे अनुक्रमे 'ग्रामपंचायत अधिकारी' आणि 'ग्राम महसूल अधिकारी' अशी झाली, तरी लोकांच्या तोंडी जुनीच नावे आहेत. या दोघांपैकी कोणीही स्थापत्य अभियंता नसतो. तलाठी येतो तो अनधिकृत अकृषिक वापराचा अहवाल देण्यासाठी, आणि त्यानंतर संहितेच्या कलम ४५ ची दंडाची नोटीस येते. म्हणजे पहिली खरी पाहणी घर पूर्ण झाल्यानंतर, तीही दंडासाठी.

म्हणून घर बांधणाऱ्याने स्वतःच काही पाहण्या विकत घ्याव्यात, हे बरे. त्यातील पहिली सरकारी मोजणी. तालुक्याच्या उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयात शुल्क भरून मोजणी मागवता येते आणि 'क' प्रत म्हणून ओळखला जाणारा नकाशा मिळतो. विकणाऱ्याने पावलांनी मोजून दाखवलेली हद्द आणि 'क' प्रतीवरील हद्द यांत दहा-पंधरा फुटांचा फरक निघणे ही नवलाची गोष्ट नव्हे. रस्त्यालगतच्या भूखंडात हा फरक निर्णायक ठरतो, कारण महामार्गाच्या मध्यरेषेपासून ठरावीक अंतरापर्यंत बांधकामास मनाईच असते आणि रस्ता रुंद होताना सर्वप्रथम हेच भूखंड जातात.

जमिनीखालचा हक्कदार

राजूरचा खरा वेगळेपणा येथे आहे. वर्धा नदीच्या खोऱ्यातील कोळसापट्टा वणी तालुक्यातून जातो. इंग्रजी दप्तरात वणीचे रूप 'वून' असे होते आणि १९०५ पर्यंत जिल्ह्यालाही तेच नाव होते. जुने नकाशे शोधणाऱ्याने ते लक्षात ठेवावे. १९७३ मध्ये कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले, १९७५ मध्ये वेस्टर्न कोलफिल्ड्स लिमिटेडची (वेकोलि) स्थापना झाली. राजूर, कुंभारखनी येथील भूमिगत खाणी आणि उकणी, जुनाड, कोलारपिंपरी, घोन्सा यांसारख्या खुल्या खाणी ही या पट्ट्यातील परिचित नावे आहेत.

सातबारा ज्याच्या नावाचा तो पृष्ठभागाचा धारक. संहितेच्या कलम ४८ नुसार खनिजांवरील हक्क शासनाकडे राखलेला आहे. कोळशासाठी जमीन घ्यायची तर केंद्र शासन बहुधा कोळसा धारक क्षेत्रे (संपादन व विकास) अधिनियम, १९५७ वापरते आणि त्याची पद्धत नेहमीच्या भूसंपादनापेक्षा वेगळी आहे. कलम ४ ची अधिसूचना म्हणजे या भागात कोळशाचा शोध घेण्याचा इरादा. कलम ७ ची अधिसूचना म्हणजे संपादनाचा इरादा. तिच्यावर कलम ८ अन्वये तीस दिवसांत हरकत नोंदवता येते. कलम ९ ची घोषणा झाली की कलम १० नुसार जमीन किंवा हक्क सर्व बोजांपासून मुक्त होऊन केंद्राकडे आणि कलम ११ नुसार पुढे शासकीय कंपनीकडे निहित होतात. 'सर्व हक्क' घेतले आहेत की केवळ 'खाणकामाचे हक्क', हे अधिसूचनेत लिहिलेले असते. घर बांधणाऱ्याच्या दृष्टीने या दोन शब्दप्रयोगांतील अंतर फार मोठे आहे. पहिल्यात जमीनच जाते. दुसऱ्यात पृष्ठभाग मालकाकडे राहतो आणि त्याच्या पोटातून कोळसा निघतो.

अडचण अशी की, ही अधिसूचना भारताच्या राजपत्रात प्रसिद्ध होते. गावाचे नाव आणि भूमापन क्रमांकांची यादी तीत असते, नकाशा जिल्हाधिकारी कार्यालय, कंपनीचे कार्यालय आणि कोलकात्यातील कोळसा नियंत्रकांकडे पाहता येतो. सातबाऱ्याच्या इतर अधिकारात तिची नोंद त्याच दिवशी उमटेल, याची शाश्वती नसते. कलम ४ नंतर कलम ७ साठी दोन वर्षे (वाढवून तीन) आणि कलम ७ नंतर कलम ९ साठी तीन वर्षे, एवढा अवधी कायद्याने दिला आहे. म्हणजे पाच-सहा वर्षे जमीन अशा अवस्थेत राहू शकते की, गावात सर्व काही नेहमीसारखे चालू आहे, ग्रामपंचायत परवानगी देत आहे आणि राजपत्रात मात्र त्या भूमापन क्रमांकाचे भवितव्य छापून झाले आहे. याच काळात अशा जमिनी नवख्या ग्राहकाला विकल्या जाण्याचा धोका अधिक. याच काळात काही ठिकाणी मोबदल्यावर डोळा ठेवून घाईघाईने चार भिंती आणि पत्रे उभे राहतात. खऱ्या घरमालकाच्या दाव्याकडे संशयाने पाहिले जाण्याचे ते एक कारण ठरते.

मोबदल्याच्या बाबतीत २०१३ च्या भूसंपादन कायद्याची पहिली अनुसूची १ जानेवारी २०१५ पासून या संपादनांनाही लागू झाली. त्यामुळे जमिनीबरोबर तिच्यावरील इमारतीचे मूल्य आणि त्यावर शंभर टक्के दिलासा रक्कम हिशेबात येते. कोल इंडियाच्या २०१२ च्या पुनर्वसन धोरणात दोन एकरांमागे एक नोकरी हे सूत्र आहे. दीड गुंठ्याच्या भूखंडधारकाला त्याचा काहीच उपयोग नाही. त्याच्या हाती राहते ते इमारतीचे मूल्य, आणि ते सिद्ध करायला बांधकाम केव्हाचे व कोणत्या परवानगीने झाले, हे कागदावर दाखवावे लागते. ज्या परवानगीला एरवी उपचार म्हणून पाहिले जाते, तिची किंमत येथे रुपयांत मोजली जाते.

घुग्घुसचा धडा

पृष्ठभागावरील कागद सारे ठीक असूनही काय घडू शकते, हे वर्धा नदीपलीकडच्या घुग्घुस (जि. चंद्रपूर) येथे दिसले. २६ ऑगस्ट २०२२ रोजी तेथील आमराई वॉर्डातील एक घर पाहता पाहता जमिनीत गडप झाले. हादरे जाणवताच कुटुंब बाहेर धावले म्हणून जीव वाचले. त्या वस्तीखाली जुनी भूमिगत खाण होती. आसपासच्या कुटुंबांना घरे सोडून अन्यत्र हलवावे लागले.

भूमिगत खाणीत कोळसा काढताना मध्ये कोळशाचेच खांब राखले जातात आणि छत त्यांवर पेलले जाते. पुढे खांबही काढले, किंवा जुने खांब पाण्याने व काळाने झिजले, की वरची जमीन खचते. कधी ती हळूहळू बशीसारखी दबते, कधी खड्ड्याच्या रूपाने एकाएकी कोसळते. कोळशाचा थर जितका उथळ तितका दुसरा धोका अधिक. कोळसा खाण विनियमांत, १९५७ च्या जुन्या आणि त्यांची जागा घेणाऱ्या २०१७ च्या नव्याही, खाणमालकाच्या नसलेल्या इमारतीपासून ४५ मीटरच्या आत खाणकाम नेण्यास खाण सुरक्षा महासंचालनालयाची लेखी परवानगी आवश्यक केली आहे. हा नियम घराला संरक्षण देतो, पण चालू खाणीपासून. खाण आधी झाली आणि घर नंतर आले, तर तो उपयोगी नाही. खाण सोडून देताना तिचा नकाशा महासंचालनालयाकडे जमा करावा लागतो; मात्र ग्रामपंचायतीच्या परवानगीच्या अर्जात 'या जागेखाली जुने खाणकाम आहे काय' असा रकाना नाही. कोळसापट्ट्यातील ग्रामपंचायतींपुरता तरी तो असायला हवा. त्यासाठी कायदा बदलण्याची गरज नाही. खाण कंपनीचा नकाशा पंचायतीच्या भिंतीवर लागला तरी पुष्कळ काम होईल.

भेग कोणाची?

या भागातील भिंतींना भेगा पडणे नेहमीचे आहे, आणि भेगेचा धनी कोण, हा वादही तितकाच नेहमीचा. काळी भारी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. पाया मुरमापर्यंत नेला नसेल तर खाण कोसभर दूर असली तरी भिंत तडकते. अशा मातीसाठी रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने तळाशी फुगीर असलेल्या खांबांचा पाया विकसित केला; तो परवडत नसेल तर खोल खोदून मुरूम गाठणे आणि जोत्याला सलग पट्टा देणे एवढे तरी करावे लागते.

दुसरे कारण खुल्या खाणीतील स्फोट. खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या १९९७ च्या परिपत्रकाने, खाणमालकाच्या नसलेल्या साध्या घरांसाठी जमिनीच्या कंपनाची मर्यादा वारंवारितेनुसार सेकंदाला ५, १० व १५ मिलिमीटर अशी ठरवली आहे. ही कंपने यंत्राने मोजली जातात आणि ग्रामस्थांना घराजवळ मोजणीची मागणी करता येते. तक्रार कंपनीच्या क्षेत्रीय कार्यालयाबरोबरच महासंचालनालयाच्या नागपूर येथील पश्चिम विभागाकडेही करावी. तिसरे कारण खाणीवरील जमीन खचणे.

या तिन्ही कारणांच्या भेगा वरवर सारख्या दिसतात. मातीची भेग ऋतूनुसार उघडते व मिटते. खचण्याची भेग एका घरात न थांबता आंगण, रस्ता, शेजारचे घर अशी ओळीने जाते. तरीही नुकसानभरपाईच्या प्रसंगी कंपनी काळ्या मातीकडे बोट दाखवते आणि घरमालक स्फोटाकडे. वाद सोडवू शकेल असा पुरावा बहुधा कोणाकडेच नसतो, कारण भेग पडण्यापूर्वी भिंत कशी होती याची नोंद कोणी ठेवलेली नसते. बांधकाम पूर्ण होताच तारखेसह छायाचित्रे काढणे, अभियंत्याकडून पाया किती खोल नेला याचा लेखी दाखला घेणे आणि पहिली भेग दिसताच तलाठ्यामार्फत पंचनामा करून घेणे, हा खर्च घराच्या खर्चात नगण्य आहे.

व्यवहारापूर्वी

राजूर परिसरात जमीन पाहणाऱ्याने कार्यालयांचा क्रम उलटा करावा. ग्रामपंचायतीत अखेरीस जावे. प्रथम भूमापन क्रमांक घेऊन वेकोलिच्या संबंधित क्षेत्राच्या भूसंपदा शाखेत लेखी विचारणा करावी : हा क्रमांक कोणत्या अधिसूचनेत आहे काय, सर्व हक्क घेतले आहेत की केवळ खाणकामाचे, आणि त्याखाली चालू वा जुने काम आहे काय. तोंडी 'काही नाही' यावर विसंबू नये. उत्तर न मिळाल्यास शासकीय कंपनी माहितीच्या अधिकाराच्या कक्षेत येते. दहा रुपये शुल्काच्या अर्जावर तीस दिवसांत उत्तर देणे तिला बंधनकारक आहे. मग तहसील कार्यालयात सातबारा, फेरफार आणि भोगवट्याचा वर्ग, त्यानंतर मोजणी आणि अभियंत्याचा आराखडा. अर्जाला दिलेली पोच, विकास शुल्काची पावती, प्रारंभ प्रमाणपत्र आणि जोत्याचा दाखला यांच्या प्रती घरात न ठेवता अन्यत्र, शक्यतो दुसऱ्या गावातील नातेवाइकाकडे ठेवाव्यात.